दार वाजलं तर

लुइस्टनला, लिस्बन स्ट्रीटवर,
बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या माडीवर संस्थेचं ऑफिस.
जिन्यात अजून कातड्याचा वास.
मार्च सरत आला तरी दाराशी पत्र्याचा ट्रे,
त्यात वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी.

होदान म्हणाली, साइट नवी करायचीय, पैसे नाहीत.
मी म्हटलं, चालेल.
माझ्या व्हिसावर पैसे घेऊन काम करायला बंदी आहे,
हे तिला नंतर सांगितलं.
ती हसली. म्हणाली, मग तू आमच्यातलीच.

जुनी साइट म्हणजे अडगळीची खोली.
दोन हजार अकराच्या सहलीचे फोटो,
पोर्तुगीज बोलणाऱ्या, आता हयात नसलेल्या बाईंचा नंबर,
वर फडफडता झेंडा आणि नारिंगी बटण: देणगी द्या.
मदत हवीय का, हे पार तळाशी.
विहिरीत दोर सोडावा
तसं बोटानं सोडत जायचं, सोडत जायचं.

मी मांडणी शिकलेली बाई.
चारी बाजूंनी मोकळी जागा सोडली,
डोळ्याला विसावा दिला, करडा-निळा रंग निवडला.
होदाननं बराच वेळ पाहिलं.
सुंदर आहे, म्हणाली,
पण फोन नंबर केवढा मोठा करता येतो?
केवढा हवा?
तिनं हातमोजा काढला, पंजा पसरला.
एवढा. फुटलेल्या काचेतून दिसला पाहिजे.

एउलालियाचा फोटो सगळ्यांत चांगला होता,
तमालेच्या पातेल्याशी, मान मागे टाकून हसणारी.
ती म्हणाली, हसू राहू दे, तोंड काढ.
मी कापत कापत हातांपाशी आले.
मनगटावर भाजल्याचा डाग.
तोही ओळखतील, म्हणाली.
आता पहिल्या पानावर फक्त वाफ आहे.
लोक विचारतात, धुकं कुठलं?

फॉर्ममध्ये देशांची यादी होती.
म्बुयी सर किन्शासात भूगोल शिकवायचे.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवून यादी दोनदा वाचली.
मी जन्मलो तो देश यात नाही, म्हणाले.
नंतर त्याचं नाव बदललं. मी तेव्हा वर्गावर होतो,
मुलांच्या नकाशांवर मीच खाडाखोड करून दिली.
यादी काढून मी तिथे
एक रिकामी चौकट ठेवली.

कोपऱ्यात लाल बटण: पटकन निघा.
पाठीमागे कुणी येऊन उभं राहिलं तर दाबायचं,
समोर येतं उद्याचं हवामान.

साइट सुरू झाली त्या आठवड्यात
मी आकडे बघायचे, मोगऱ्याच्या कळ्या मोजाव्यात तसे.
मंगळवारी, रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
एका जुन्या फोनवर कुणीतरी
'दार वाजलं तर' हे पान उघडलं.
चाळीस मिनिटं.
त्या पानावर सगळी मिळून सात वाक्यं आहेत.

एवढा वेळ काय वाचलं असेल?
की फोन छातीवर ठेवून डोळा लागला?
की कुणाला तरी हळू आवाजात, एकेक शब्द
आपल्या भाषेत करून सांगत होतं?

सकाळी मी मोजणीच बंद केली.
नोंदी ठेवणारे कमी आहेत का इथे.
होदानला एवढंच सांगितलं,
आता मलाही कळणार नाही कोण येऊन गेलं.
ती म्हणाली, बरं झालं,
आणि चहात आणखी साखर घातली.

शुक्रवारी भरदुपारी माझं दार वाजलं.
माझी कागदपत्रं कपाटात, निळ्या फाइलमध्ये,
तारखेनुसार लावलेली, सगळी खरी.
तरी मी मोजे घातलेल्या पायांनी
पॅसेजमध्ये थांबले
आणि मला पहिलं वाक्य आठवेना.
मीच निवडलेला टाइप, मीच ठरवलेला आकार.

पार्सल होतं. शेजारच्यांचं.

अक्षर अजून थोडं
मोठं हवं होतं.