होकी-पोकीचा डबा

दोन लिटरचा डबा, होकी-पोकी आईस्क्रीमचा,
झाकणाचा एक कोपरा उडालेला.
आतलं आईस्क्रीम कुणी, कधी खाल्लं, देव जाणे.
शुक्रवारी रात्री त्यात किल्ल्या असतात.

टोकोरोआत धुकं पाइनच्या रानातून येतं,
येताना कागद-गिरणीचा वास अंगाला लावून घेतं
आणि क्लबच्या दाराशी घोटाळतं,
आत जावं की नाही, ठरत नसल्यासारखं.
त्याच्या अलीकडे आम्ही चौघं.
पाठीवर अक्षरं : माओरी वॉर्डन.
लाठी नाही, बेडी नाही, पगाराचं तर नावच नको.
हेमीकडे थर्मास, माझ्याकडे टॉर्च,
पेरे पाळी संपवून तसाच आलेला, उभ्या उभ्या पेंगतो.
डबा न्गावाईकडे.

न्गावाई सदुसष्टची.
ती पोचायच्या आधी तिचा गुडघा ऐकू येतो.
"किल्ली दे, बाळा."
एवढंच.

मागच्या खेपेला एकानं विचारलं,
तू कोण गं मोठी लागून गेलीस?
ती बोलली नाही. त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर जाऊन बसली,
ओट्यावर बसावं तशी, ऐसपैस.
पिशवीतून गार झालेले चिप्स काढले,
एक त्याच्यापुढे धरला.
"तुझी आजी शाळेत माझ्या वेण्या बाकाला बांधायची.
उठवू का तिला आत्ता? रात्रीचा एक वाजलाय."
पोरगा सहा फुटांच्या वर.
किल्ली डब्यात पडली.
खणकन वगैरे नाही,
प्लास्टिकवर पडते तसा बावळट आवाज.

शनिवारी सकाळी ते येतात, मागच्या दारानं,
कुणी पाव घेऊन, कुणी नुसताच काळा चष्मा लावून.
ती उपदेश करत नाही.
म्हणते, पाय पूस.

एक किल्ली मात्र जात नाही.
चिठ्ठीवरची शाई उडालेली, दात गुळगुळीत.
तीन वर्षं पाहतोय. मला वाटायचं,
गेलेल्या कुणाची असेल, विचारू नये.
परवा विचारलं.
"माझी," ती म्हणाली, आणि बटाटे सोलत राहिली.

एक्क्याण्णव साल. गिरणीनं माणसं कमी केली,
यादीत तिच्या नवऱ्याचं नाव वरून चौथं.
ती प्यायलेली, मागच्या सीटवर दोन लेकरं झोपलेली,
आणि खिडकीशी म्हातारा ईहाया वॉर्डन, हात पसरून.
दोन्ही खांद्यांवर दोन पोरं घेऊन
तो चार गल्ल्या चालला.
मागून ही, शिव्या देत. सगळ्या शिव्या संपल्या,
मग पहिलीपासून पुन्हा.
लाजेनं आठवडाभर गेली नाही.
गेली, तेव्हा तो मराएवर, शवपेटीत,
भोवती निम्मं गाव रडत, निम्मं त्याच्या गमती सांगत.
तिसऱ्या दिवशी माती झाल्यावर
त्याच्या बायकोनं हा डबा पुढे केला :
"ह्यात असेल तुझी. शोधून घे.
उरलेल्या ज्याच्या त्याला देऊन ये."

एकोणीस किल्ल्या. ईहायाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
ती रस्त्यारस्त्यात उभ्या गाड्यांना किल्ल्या लावून बघायची.
दोनदा पोलिसांनी धरली, एकदा कुत्र्यानं.
नाताळापर्यंत अठरा घरी पोचल्या.

"आणि गाडी?"
"ती? ती तर स्क्रूड्रायव्हरनंसुद्धा सुरू व्हायची."
बटाटा पाण्यात टाकला. "तेव्हा आठवलं नाही, नशीब."

आता एक चाळीस. धुकं टॉर्चच्या उजेडाला पुढे जाऊ देत नाही.
आज अजून कुणाची किल्ली नाही.
न्गावाई गुडघा दाबत म्हणाली, धर जरा,
आणि डबा माझ्या हातात दिला.
बराच वेळ झाला, परत मागितलेला नाही.
मी कुशीवर कलंडवला,
तर आत काहीतरी इकडून तिकडे सरकलं.

क्लबचं दार उघडतं. गाणं बाहेर सांडतं, मागोमाग एक माणूस,
आणि तो खिसे चाचपतोय.