दोन आण्यांची तफावत

चौतीस वर्षं महालेखाकाराच्या कचेरीत
मी लोकांच्या बेरजा तपासल्या.
निवृत्त झालो तेव्हा एका प्रकाशकाने अकरा पानांची कथा पाठवली.
नवी आवृत्ती काढतोय, टिपा हव्यात,
तुम्ही ग्वाल्हेरचे, तिथलं सगळं तुम्हाला ठाऊक.

कथा कोणाला ठाऊक नाही? आम्हाला नववीला होती.
गोदी घोसीपुऱ्याच्या फलाटावर उभी,
मुठीत नऊ आणे, सबलगढचं भाडं.
छोट्या लाईनची गाडी येते, थांबते, जाते,
गोदी तिथेच.
पाच गुणांना हमखास प्रश्न: गोदी गाडीत का चढली नाही?
मी लिहिलं होतं, संस्कारांमुळे.
साडेतीन मिळाले.

तर, लाल पेन्सिल घेतली.

आक्षेप एक. कार्तिक वद्य एकादशी, रात्रीचे नऊ,
आणि म्हणे सिग्नलवर पिवळा चंद्र टेकला होता.
वद्य एकादशीचा चंद्र दोन वाजून गेल्यावर उगवतो,
तेव्हा फलाटावर कुत्रंही जागं नसतं.

आक्षेप दोन. बाक पान दोनवर दगडी, पान नऊवर लाकडी.
सात पानांत दगडाचं लाकूड.

आक्षेप तीन मिळायला महिना गेला.
दौलतगंजातल्या रद्दीवाल्याकडे पिवळं पडलेलं भाडेपत्रक:
सबलगढ, तिसरा वर्ग, अकरा आणे.
एकटाच हसलो दुकानात.
संस्कार कसले, दोन आणे कमी होते!
माझे दीड गुण कोणाकडे तरी थकलेत.

मग लेखकाच्या मुलीने एक पत्ता दिला,
नाव छापायचं नाही या अटीवर.
कंपू, दुसरा मजला, दारात चपलांचा ढीग.
अठ्ठ्याऐंशीच्या बाई परातीत मटार सोलत होत्या.
मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला नाही.

चढले की मी, म्हणाल्या.
एकतीस वर्षं सबलगढच्या दवाखान्यात बाळंतपणं केली.
त्यांना काय कळणार? ते होते कुठे तिथे?
एक शेंग सोलून झाली.
यायचं होतं त्यांना.

मी वही मिटायला लागलो, तर म्हणाल्या, थांबा,
विचारायला आलात ना, विचारा.

बाक?
बाकच नव्हतं.
चंद्र?
अंधार गुडुप. पण राहू दे तो.
ती बिचारी अजून उभीच आहे ना तिथे,
तिला जरा उजेड असू दे.
आणि नऊ आणे?

इथे त्यांचे हात थांबले.
नऊच होते. दोनदा मोजले, खिडकीपाशी परत मोजले.
आतल्या बाबूने काही विचारलं नाही,
कोटाच्या खिशातून दोन आणे काढून
स्वतःच्याच गल्ल्यात टाकले, आणि तिकीट सरकवलं.
त्याच्या बाहीला शाई लागलेली.
नाव विचारायचं राहिलं.

शेवट बदलू नका, म्हणाल्या, पोरं पाठ करतात.
पण भाडं अकरा करा.

कचेरीत तफावतीपुढे नाव लिहावं लागायचं,
कोणाकडून वसूल, कोणाच्या खाती.
त्या रात्री मी तो रकाना आखला आणि तसाच सोडला.
चंद्रावरची लाल खूण खोडरबराने पुसली,
तरी कागदावर गुलाबी डाग उरलाच.
पान सहा, ओळ चौदा: नऊ खोडून अकरा.

आठवड्याने प्रकाशकाचा फोन.
अहो, हिशेब जुळत नाही,
भाडं अकरा, तिच्या मुठीत तर नऊच.

हो, म्हटलं.
तसंच छापा.