नसते उद्योग

निपाणीच्या स्टँडवरून गल्लीत शिरेपर्यंत
तंबाखूनं मला दोनदा शिंकायला लावलं.
"सुई देणार काय?" नाही.
"मग गोळ्या?" नाही.
"मग करतीस तरी काय गं बाई?"
म्हटलं, तुम्ही दिवसभर काय काय करता, ते बघते.
गौराक्का सुपातनं मान वर न काढता म्हणाली,
"ह्येला आमच्यात नसते उद्योग म्हणत्यात."

मी ते वहीत उतरून घेतलं.
माझ्या पदवीचं इतकं नेमकं मराठी
बेळगावात कुणी सांगितलं नव्हतं.

बघायचा होता तुळसाबाईचा अंगठा.
सकाळी तो दुसऱ्या हातानं उघडावा लागतो,
गंजल्या कडीसारखा.
पण अंगठ्यामागं मनगट, मनगटामागं घागर,
घागरीमागं गुडघ्याएवढा बुटका नळ,
नळामागं रात्री दोनची पाण्याची पाळी,
आणि पाळीमागं हजार विड्या,
उजाडायच्या आत हात घातला नाही
तर दिवेलागणीपर्यंत भरत नाहीत त्या.
मी धागा ओढत गेले आणि
अख्खी गल्ली माझ्यासमोर बसली,
एकच पाठ असल्यासारखी वाकून.

फॉर्मवर 'रुग्णाचे नाव' असा रकाना होता.
मी गल्लीचं नाव लिहिलं.
फॉर्म परत आला.

दस्तगीर मिस्त्रीनं मोडक्या दारांच्या फळ्यांतून
बारा उतरते पाट करून दिले, सूप टेकायला.
एकावर आता टीव्ही आहे. दोन चुलीत गेले.
तुळसाबाई मात्र आपला पाट
झोपताना उशाशी घेते, चोरीला जाईल म्हणून.
नळाचं तोंड वर घ्यायला सात महिने लागले, आणि चार अर्ज,
दोन मराठीत, दोन कानडीत.
त्यातला कुठला पोचला, कुणाला माहीत.

शेवटच्या घरात शिवलिंगप्पा.
कारखान्यात चेकर होते.
लकवा झाला तशी कानडी गेली, मराठीही गेली,
डावा हात तेवढा मांडीवर मोजत राहिला,
पंचवीस, पंचवीस, पंचवीस.
त्या हातात मी चमचा दिला, पुढ्यात पितळी ठेवली.
दर अर्ध्या तासानं, ठण्ण.
ठण्ण झालं की कात्र्या खाली, मुठी उघडायच्या.
त्यांची बसव्वा मोजते, ओंदु, एरडु, मूरु,
आणि गल्ली तिच्यामागं, ज्याच्या-त्याच्या उच्चारात.

दोन दिवस गौराक्कानं कात्री ठेवली नाही.
तिसऱ्या दिवशी ठण्ण झालं
तशी उठून थेट त्यांच्या दारात गेली.
"माझं कट्टं छाटत हुतास, तवा थांबलास काय रं?
आन् आता मला थांब म्हंतोस?"
त्यांच्या तोंडातून काहीच आलं नाही.
हात तेवढा मोजायचा थांबला.

ती उंबऱ्यावर टेकली.
हातातली अर्धी विडी आधी पुरी वळली,
दोरा बांधला, नखानं तोंड दुमडलं,
ती पितळीच्या काठाशी ठेवली,
आणि मूठ उघडली,
करंगळी सोडून.