घराचं साल

समितीनं मतदान केलं: पाच विरुद्ध दोन.
घर आता अठराशे सत्त्याऐंशी सालात राहील.

म्हणजे विजेची बटणं काढायची,
मागच्या जिन्याचा लोखंडी कठडा काढायचा,
न्हाणीघर तर तेव्हा जन्मलंच नव्हतं.
कॅप्टन एलिफलेटची जहाजं मात्र परत येतील, चौकटीत,
आणि जेवणाच्या टेबलावर मेणाची नासपती,
जिला दर वर्षी नवा देठ लावावा लागतो.

माझं काम रंगाचं.
पातं, दिवा, भिंग, गुडघ्यांखाली दुमडलेलं पोतं.
केनेबेक नदी गोठली की भिंतीही आक्रसतात,
पापुद्रे सोपे सुटतात.
कोठीघरात अकरा थर निघाले.
वरचा पांढरा, दवाखान्यासारखा.
मग लोण्याचा पिवळा, मग हिरवा, त्यावर धुराची साय.
सहावा निळा:
घरांना कुणी देत नाही तो,
होड्यांच्या तळाला देतात तो.
उरलेल्या डब्यातला असणार. फुकटचा असणार.

निळ्यावर पेन्सिल होती.
क्वेबेकहून आलेली फिलोमेन थिबोडो
इथं खाणावळ चालवायची तेव्हा,
बुटांच्या कारखान्यातली चौदा माणसं
वरच्या खोल्यांत कोंबून.
ओनेझिम, दोन आठवडे.
अल्फोन्स, साबण.
ओनेझिम, तीन आठवडे.
आणि मग ओनेझिमवर आडवी रेघ.
फेडले, की पळाला, की तिनंच सोडून दिले,
भिंगातून कळत नाही.
जोरात मारलीय एवढं कळतं. चुना खचलाय.

अहवालात मी लिहिलं: थर सहा, निळा, काळाबाहेरचा.
शब्द समितीचा आहे, माझा नाही.
मग तीन दिवस खरवडलं.
भुगा डब्यातल्या पावावर बसला,
रात्री नाक शिंकरलं तर रुमालात खाणावळ.

आता कोठीघर फिकट राखी आहे,
कॅप्टनच्या बायकोच्या पसंतीचं.
देखणं आहे, खोटं कशाला बोलू.
लोक येतात, आवाज आपोआप खाली आणतात.

फक्त दारामागे माझा हात अडला.
तळहाताएवढा तुकडा ठेवलाय मी,
निळा, रेघेसकट.
दार दिवसभर सताड उघडं, भिंतीला टेकलेलं,
येणाऱ्यांच्या सोयीसाठी,
म्हणून कुणाला दिसत नाही.

पाच वाजता पहारेकरी ऑरिन दारं ओढून घेत जातो.
त्याला ठाऊक आहे.
परवा किल्ल्या मोजता मोजता विचारलंन,
किती पैसे होते गं त्याच्याकडे?
म्हटलं, आठवडेच लिहिलेत.
पैसे नाहीत.