पार्टी

मढवी म्हणाला, काकू, राग नका मानू,
पार्टी यायच्या आधी साहेबांचा फोटो
जरा कपाटात ठेवत जा.
हार दिसला की लोक भाव पाडतात.

म्हणून गेले पाच महिने
दर रविवारी साडेदहाला मी निशिकांतला उतरवते,
हार वर्तमानपत्रात गुंडाळते
आणि त्याला चादरींच्या घडीत ठेवते,
उताणा, म्हणजे श्वास कोंडायला नको.
पार्टी गेली की पुन्हा वर.
एकदा विसरले. बुधवारी आठवलं.

ऐरोली, सेक्टर तीन, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
सिडकोने चावी दिली तेव्हा पायऱ्या कमी होत्या,
असं माझे गुडघे म्हणतात.

पहिल्या बाईने मोबाईलमधलं होकायंत्र काढलं
आणि संडासात जाऊन उभी राहिली, दार उघडं ठेवून.
बाहेर आली ती नवऱ्याकडे नुसतं बघत.
एकाने भिंतीवर टकटक केली,
डॉक्टर छातीवर करतात तशी,
आणि डॉक्टरसारखंच काही बोलला नाही.
एक लग्न ठरलेला मुलगा तीनदा आला, चहा प्यायला,
पलंग कुठे बसेल ते पावलांनी मोजलं.
चौथ्यांदा त्याची आई आली. म्हणाली, खाडीचा वास येतो.

येतो. ओहोटीला जास्त.
मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी येतो.

एकदा टोकन झालंसुद्धा. एक्कावन्न हजार. पेढे वाटले.
मग सोसायटीच्या बोंद्रेंनी चष्मा पुसून शोधून काढलं:
शेअर सर्टिफिकेटवर निशिकांत, शि ऱ्हस्व.
ॲग्रीमेंटवर निशीकांत, दीर्घ.
‘हे दोघं एकच, कशावरून?’

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर मी लिहून दिलं
की ऱ्हस्व आणि दीर्घ हे दोन्ही गृहस्थ एकच,
आणि दोघंही वारले.
सही करताना हसू फुटलं. नोटरीने वर बघितलं.
तोवर बँकेला आमची इमारत म्हातारी वाटली
आणि पार्टीचं लोन बसलं.
टोकन परत केलं. पेढे गेले ते गेले.

काल मढवी मला स्कूटरवर बसवून घणसोलीला घेऊन गेला.
आता मी पार्टी.
चौथा मजला. लिफ्ट होती. मी उगाच दोनदा वर-खाली केलं.
दार उघडणाऱ्या बाईंनी चहा विचारला,
नको म्हटलं,
चहा घेतला की घासाघीस करायला जीभ वळत नाही.
सगळे नळ सोडून बघितले.
मोरीत बादलीभर पाणी ओतलं आणि ते जाईपर्यंत उभी राहिले.
‘पावसाळ्यात ओल येते का हो?’
हा आवाज माझा होता.

हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक खिळा.
खिळ्याखाली रंगाचा चौकोन,
बाकीच्या भिंतीहून ताजा.
शोकेसवर झेंडूची एक पाकळी, झाडून राहिलेली.
बाईंनी माझ्याकडे बघितलं.
मी पंख्याकडे.

खाली आल्यावर मढवी म्हणाला, मग काय म्हणता?
म्हटलं, तीन लाख सोडतील का विचार.
आणि त्यांचे मिस्टर कधी गेले?
त्याचा हात किल्लीवर तसाच राहिला.
तुम्हाला कोण बोललं?

कोणी नाही, म्हटलं.
तीन नको. दोन विचार.