दोराचं दुसरं टोक

शिडी लावताना बाबा बोलत नाहीत.
चार हात उंचीला एक हात पाया,
पावलांनी मोजतात, परत मोजतात,
मग म्हणतात, "उभी राहा."
मी पहिल्या पायरीवर सगळं वजन टाकते.
चिलोएची जमीन ही, वरून गवत, आत स्पंज.
डावा पाय चार बोटं खचतो.
बाबा फळी आणून खाली सरकवतात
आणि पहिल्यापासून मोजायला लागतात.
वरचं टोक वाशाला बांधायचं.
पन्हाळीला नाही. पन्हाळ दिसायला घट्ट असते.

आमच्या घराच्या अंगावर लाकडाचे खवले आहेत,
भिंतीवर, छपरावर, एकाखाली एक, माशासारखे.
पश्चिमेकडचे पावसाने करडे झालेत,
काही जुलैच्या वादळात उडून गेले.
तिथून पाणी येतं ते थेट आईच्या उशाशी.
ती पातेलं ठेवते आणि म्हणते,
"होऊ दे सावकाश. पातेली पुष्कळ आहेत."

पट्टा कमरेला, मांड्यांना.
बाबांना तो आवडत नाही, घोडा झाल्यासारखं वाटतं म्हणे.
पण रेमिहिओकाकापासून घालतात.
काका काही कड्यावरून पडला नव्हता.
तिसऱ्या पायरीवरून पडला, कुंडी टांगताना,
एका हातात हातोडी, एका हातात खिळे,
शिडीला हात उरलाच नव्हता.
आता तो खिडकीशी बसतो.
माझं नाव त्याला आठवतं,
स्वतःच्या मुलीचं नाही.

दोर बाबांच्या पाठीतून निघतो,
छपराच्या कण्यावरून पलीकडे उतरतो.
पलीकडे सफरचंदाचं झाड होतं,
तेही त्याच वादळात गेलं.
म्हणून या वेळी बेलार्मिनोची पिकअप.
बाबांनी ब्रेक ओढला, चाकांना दगड लावले,
किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.
"खिशात ठेव. कुणी मागितली तरी."
"कुणी म्हणजे?"
"कुणी म्हणजे कुणी."

मग ठकठक.
खालून मला फक्त बुटांचे तळ दिसतात,
आणि हातोडी, मनगटाला दोरीने बांधलेली,
निसटली तरी माझ्या डोक्यावर येणार नाही अशी.

साडेअकराला बेलार्मिनो आला, इस्त्रीचा शर्ट घालून.
बाराची फेरी, पलीकडच्या बेटावर अंड्यांच्या पेट्या द्यायच्या.
"किल्ली दे, ओदिलिया."
"वर माणूस आहे."
"दोन मिनिटं दोर सोडू, तोवर तो बसेल एका जागी."
"वर माणूस आहे."
"गाडी माझी आहे, पोरी."
"गाडी तुमचीच. दोर आमचा."

त्यानं मान वर केली.
बाबा कण्याजवळ पालथे पडले होते,
तोंडात खिळे, कानात वारा,
खालचं काही ऐकूच जात नव्हतं त्यांना.
बेलार्मिनो पुटपुटला, ते इथे लिहीत नाही.
मग बाह्या दुमडल्या
आणि शिडीचा दुसरा पाय धरला.

फेरीचा भोंगा वाजला.
तो आम्ही दोघांनी शिडी न सोडता ऐकला.

एक वाजता समुद्राकडून काळं आलं.
चार खवले राहिले होते, फक्त चार.
पहिला थेंब पडला तसे बाबा उतरायला लागले,
तोंड शिडीकडे, एकेक पायरी,
शेवटचीसुद्धा पायानं चाचपून.
"चारच राहिले होते की," बेलार्मिनो म्हणाला.
बाबा पट्टा सोडत होते.
"लाकूड ओलं झालं," एवढंच बोलले.

आईनं त्याचीच सहा अंडी फोडली,
त्यालाच वाढली.

किल्ली द्यायची मी विसरले.
खिशात मूठ इतकी आवळली होती
की तिचे दाते तळव्यात उमटले होते,
संध्याकाळपर्यंत.

रात्री पातेल्यात थेंब पडतोय.
एक. मग बराच वेळ काही नाही.
मग एक.