खिसे

मंगफमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावर
नवराबायकोचे कपडे एका पाण्यात कधी पडत नाहीत.
माझा निळा कव्हरऑल,
कितीही घासा, डिझेल शिवणीत मुरलेलं.
निरुपमाचा पांढरा युनिफॉर्म,
त्याला वेगळी बादली, वेगळी पावडर,
वॉर्डातलं काय काय लागलेलं असतं, ती सांगत नाही.
मी सव्वाचारची बस धरतो
तेव्हा तिची रात्रपाळी संपायला तीन तास असतात.
दाराशी आमच्या चपला भेटतात तेवढ्या.

त्यात जून.
गच्चीवरची टाकी उन्हात उकळते,
गार पाण्याचा नळ चटका देतो,
मुक्ताच्या ओढणीनं एका फेरीत
अद्वयचे तीन शाळेचे शर्ट जांभळट केले.
त्याच आठवड्यात धूळ आली.
वाळत घातलेलं सगळं वाळूला मिळालं,
पुन्हा धुतलं, पुन्हा धूळ.
बैठकीतली एक खुर्ची तर
कपड्यांच्या ढिगाखाली अशी गेली होती
की तिचा रंग कोणता यावर आमचं एकमत होईना.

मग एका शुक्रवारी, चौघंही घरात असताना,
मुक्तानं (वय बारा) सभा बोलावली.
चार खुंट्या, चार पिशव्या, ज्याचं त्यानं.
मोज्यांची जोडी सेफ्टी पिनेत, काढल्या काढल्या.
इस्त्री फक्त गणवेशांना,
घरच्या कपड्यांना चुरगळायचा हक्क आहे.
मशीनला वेळ लावून झोपायचं, ते दोनला आपापलं सुरू होईल,
बाबा साडेतीनला उठतात, बाबा टांगतील.
आई आठला येते, आई काढेल.
"आणि मी?" अद्वयनं विचारलं.
त्याच्या वाट्याला खिसे आले.

तेव्हापासून मशीनवर लोणच्याची रिकामी बरणी आहे.
रोज संध्याकाळी पिशव्या उलथ्या करून
तो खिशात पार कोपरापर्यंत हात घालतो.
माझे : नारिंगी दोरीचे इअरप्लग, कॅन्टीनचं कुपन, खजुराच्या बिया.
"बाबा, आज तीनच खाल्लेत. काल पाच होते."
निरुपमाचे : पेनाचं टोपण, आल्याची गोळी,
ईसीजीच्या कागदाची वीतभर पट्टी.
"ही कुणाची?"
"घरी गेलेल्या माणसाची," ती म्हणाली,
आणि वेणी घालत राहिली.
आम्ही एकमेकांना दिवस कसा गेला विचारत नाही,
वेळ नसतो.
बरणीत बघतो जाता जाता.

खुर्ची हिरवी निघाली.
मोज्यांचं मात्र जमलं नाही. पिना हरवतात.

मागच्या मंगळवारी बरणीत,
काचेला आतून चिकटून,
अक्षरं बाहेर, नीट वाचता येतील अशी,
एक्स्चेंजची पावती होती.
शंभर दिनार. देवरुख. ताईचं नाव.
या वर्षी गावाकडं काही पाठवायचं नाही, हप्ता आहे,
असं दोघांनी मिळून ठरवलं होतं.
खरं तर मीच ठरवलं होतं, मोठ्या आवाजात.
पावती काढावी म्हणून हात बरणीपर्यंत नेला
आणि मुलाकडं बघून मागं घेतला.
त्याच्या कामात आजवर कुणी ढवळाढवळ केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तर ती झोपली होती,
पडदे ओढून, एक पाय पांघरुणाबाहेर.
बरणीत बिया, टोपण, दोन नाणी.
खर्चाची वही उघडीच होती.
दूध, पावडर, मुक्ताचा चष्मा,
आणि त्याखाली तिच्या अक्षरात : ताई, १००.
पुढं प्रश्नचिन्ह नाही. कारणाचा रकाना मोकळा.

रात्री दोनला मशीन घुरघुरायला लागलं.
साडेतीनला मी बाल्कनीत. अजूनही हवा भट्टीची.
पांढरा युनिफॉर्म झटकला, बाह्या ओढल्या,
शिवणी सरळ केल्या,
रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ लावला बहुतेक,
बस चुकता चुकता राहिली.

संध्याकाळी अद्वय बरणी हलवून बघत होता.
"बाबा, तो कागद कुठं गेला?"

"धुतला गेला," मी म्हटलं.